समुद्री कॅम्पेन: जहाजांची लढाई रटाळ होते, काय करावं?

दर्यावर्दी_डीएम
मंडळी, डी अँड डी ५ई (फाशांवर चालणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ, पाचवी आवृत्ती), २०१४चे नियम. पाच प्लेअर, पाचवी लेव्हल, दोन्ही बाजूंना सेलिंग शिप. जहाजाचे ३०० एचपी (हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद) संपता संपत नाहीत, तोवर फायटर (लढवय्या) आणि रोग (चपळ चोरटा) नुसते कठड्याला टेकून उभे. उलट विझार्डने फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला की सगळा खेळच आटोपतो. शिवाय ग्रिडवर (चौकोनांच्या नकाशावर, एक चौकोन पाच फूट) दोन जहाजं मावत नाहीत ती वेगळीच रड. तुम्ही कसं चालवता?

बॅलिस्टावाला
आधी हिशेब. सेलिंग शिपचा एसी (नेम लागायला फाशावर गाठायचा आकडा) १५, डॅमेज थ्रेशोल्डही १५, म्हणजे त्याहून कमी डॅमेज धरलंच जात नाही. बॅलिस्टाला (जहाजावरचं मोठं बाणयंत्र) वीस बाजूंच्या फाशावर +६, आणि डॅमेज ३डी१०, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज. म्हणजे नेम लागणार ६० टक्के वेळा, आणि लागलेल्यातलेही ३५ टक्के बाण १५ गाठत नाहीत, फुकट जातात. भरणं, नेम धरणं, सोडणं या तीन वेगळ्या अ‍ॅक्शन, म्हणून तीन खलाशी लावले तर राउंडला एक बाण. एका बॅलिस्टाने जहाज बुडवायचं तर पस्तीस-चाळीस राउंड धरा. कोण बसेल तेवढं?

हलवर (जहाजाच्या सांगाड्यावर) मारूच नका. शिडांवर मारा. ‘गोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ या डी अँड डीच्या पुस्तकात शिडांचा एसी १२, एचपी १०० आहे, थ्रेशोल्ड नाही, आणि दर २५ डॅमेजला वेग १० फुटांनी घटतो. मूळ वेग राउंडला ४५ फूट. दोन-तीन टप्पे उतरले की समोरचा पळू शकत नाही, आणि खरी लढाई तिथून सुरू होते.

वाऱ्यावरची_वरात
ग्रिड चढाईपर्यंत गुंडाळून ठेवा. बॅलिस्टाचा लांबचा पल्ला ४८० फूट म्हणजे ९६ चौकोन, कुठलं टेबल पुरणार! त्याऐवजी चार पट्टे: ४८०च्या पलीकडे, ४८० ते १५०, १५०च्या आत (इथून फायरबॉल पोचतो), आणि जहाजाला जहाज. दर राउंडला दोन्ही सुकाणूवाल्यांनी वॉटर व्हेइकल्सचा (जहाज हाकायच्या कौशल्याचा) आमनेसामने रोल करायचा, वारा पाठीशी असेल त्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). जिंकणारा एक पट्टा जवळ किंवा लांब. रोगला शिडांच्या दोरांवर चढवा, फायटरला बॅलिस्टावर बसवा, क्लेरिककडे (जखमा भरणारा पुजारी) जखमी आणि आग. कोणी रिकामा दिसला तर त्याला पंप द्या.

फायरबॉलचा मजकूर एकदा शब्दशः वाचा. डॅमेज फक्त जिवांना, हलला शून्य. कोणी न धरलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात, म्हणजे शीड पेटेल. माझा घरचा नियम: पेटलेल्या शिडाला राउंडला १डी१०, चार खलाशांनी अ‍ॅक्शन खर्चून बादल्या ओतल्या की विझलं.

गलबत_गुराब
चढाईत वीस विरुद्ध वीस रोल करू नका, डीएमजीतला (खेळ चालवणाऱ्या डीएमसाठीचं ‘डंजन मास्टर्स गाइड’) मॉबचा, म्हणजे घोळक्याच्या वारांचा तक्ता वापरा. बँडिटला +३, समोर एसी १२, म्हणजे फाशावर ९ हवा, म्हणजे दर दोघांमागे एक वार लागतो. दहा जणांचे पाच वार, २० डॅमेज, राउंडला साधारण दोन माणसं पडतात. निम्मे पडले किंवा कप्तान पडला की शरणागती. चढाईसाठी फेकलेल्या गळाच्या दोराला एचपी फक्त २, कोणीही सटकन कापतं. पुढच्या टोकाला पाच फूट साखळी लावा, तिला १० आहेत.

शत्रूची चाल हवी असेल तर आंग्र्यांचं आरमार बघा. गुराबेच्या (मोठं लढाऊ जहाज) तोफा नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, पुढे मारा करणाऱ्या; वारा पडला की वल्ह्यांची छोटी गलबतं तिला ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. आधी डोलकाठ्या-दोर निकामी, मग सगळीकडून माणसं चढवायची. तोफांच्या जागी बॅलिस्टा ठेवा, वारा शून्य करा, आणि प्लेअरांच्या जहाजामागे तीन गलबतं सोडा.

दर्यावर्दी_डीएम
भारी! आणि लढाईनंतरची डागडुजी?

बॅलिस्टावाला
नियमाप्रमाणे धक्क्याला लागल्यावर १ एचपीला एक दिवस आणि २० जीपी (सोन्याची नाणी). शंभर एचपी गेले तर तीन महिन्यांहून जास्त मुक्काम, २,००० जीपी. एवढं कोणी थांबत नाही. दिवसाला २० एचपी करा, पैसे तेच ठेवा. मग पकडलेलं जहाज विकायचं की वापरायचं यावर टेबलावर आपोआप भांडण लागतं.