इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर कमांडची माहिती टर्मिनलमधूनच कशी शोधावी?

शिरोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी संगणकांची देखभाल पाहतो. भट्टीच्या आणि तपासणी विभागाच्या नोंदी ज्या सर्व्हरवर साठतात त्यावर उबंटू लिनक्स आहे. सुरक्षिततेसाठी त्याला इंटरनेटची जोडणी मुद्दाम दिलेली नाही आणि त्या खोलीत मोबाइल नेण्यासही परवानगी नाही. त्यामुळे एखादी कमांड अडली की बाहेर ऑफिसच्या संगणकावर येऊन शोधायचे, कागदावर उतरवून घ्यायचे आणि पुन्हा आत जायचे, अशी पद्धत पडली आहे. ही पद्धत बदलून जे काही पाहायचे ते त्याच टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) पाहता यावे, अशी माझी इच्छा आहे.

माहितीची पाने दाखवणारी मॅन कमांड मला ठाऊक आहे, परंतु तिच्याकडून हवे ते उत्तर मिळत नाही. क्रॉनटॅब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी; तिच्यासाठी मॅन क्रॉनटॅब असे दिले असता त्या पानावर थोडे पर्याय दिसतात, पण वेळेचे पाच रकाने कसे भरायचे याचा तेथे पत्ता नाही. फोल्डर बदलणाऱ्या सीडीसाठी मॅन सीडी दिले तर असे पानच नाही, असे उत्तर येते. कमांडचे नावच माहीत नसेल तर कोठून सुरुवात करावी, हेही समजत नाही.

सध्याचे प्रत्यक्ष काम असे आहे की रोज रात्री नोंदींच्या फोल्डरची टार फाइल (सर्व फाइली एकत्र बांधलेली एकच फाइल) तयार व्हावी, तिच्या नावात त्या दिवसाची तारीख असावी आणि महिन्यापूर्वीच्या फाइली आपोआप निघून जाव्यात. तारखेसाठी डेट कमांडला टक्क्याचे चिन्ह आणि एफ असे दिले आहे. ही ओळ हाताने चालवली की फाइल व्यवस्थित तयार होते. तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये ठेवली की सकाळी काहीही तयार झालेले नसते. याचे कारण त्या यंत्रावरच कोठे लिहिलेले असेल का?

कळंबा रोड यांचे उत्तर

नमस्कार शिरोलीकर. कारण तुमच्याच यंत्रावर लिहिलेले आहे. फक्त ते क्रॉनटॅब याच नावाच्या दुसऱ्या पानावर आहे. मॅन 5 क्रॉनटॅब अशी कमांड द्या, म्हणजे नावाच्या आधी पाचाचा आकडा घाला. पान उघडल्यावर तिरकी रेघ आणि टक्क्याचे चिन्ह टाइप करून एंटर दाबा. टक्क्याचा उल्लेख जेथे आहे तेथे तुम्ही पोहोचाल आणि एन दाबत राहिलात की पुढचे उल्लेख एकामागून एक दिसतील. तेथे स्पष्ट सांगितले आहे की क्रॉनटॅबच्या ओळीत कमांडमधील टक्क्याचे चिन्ह नव्या ओळीत बदलले जाते आणि पहिल्या टक्क्यानंतरचा सर्व मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून पुरवला जातो. म्हणजे तुमची डेट कमांड अर्ध्यावरच तुटते. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की हा अर्थ नाहीसा होतो आणि ओळ जशी आहे तशी पुढे जाते.

हा पाचाचा आकडा कोठून आला ते नीट समजून घ्यावे, कारण मॅनचा निम्मा उपयोग त्यावर अवलंबून आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये, लिनक्स जिच्या धर्तीवर बनले त्या युनिक्सची पहिली पुस्तिका तयार केली, तिच्यावर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. त्या पुस्तिकेचे तेव्हाच विभाग पाडलेले होते आणि तीच मांडणी थोड्या फरकाने आजवर चालत आली आहे. लिनक्सवर पहिल्या विभागात नेहमीच्या कमांड, दुसऱ्यात कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) करायची आवाहने आणि तिसऱ्यात लायब्ररीतील फंक्शन असतात. चौथ्यात उपकरणांच्या फाइलींची माहिती, पाचव्यात फाइलींची रचना, सहाव्यात खेळ, सातव्यात संकीर्ण विषय आणि आठव्यात प्रशासकाच्या कमांड मिळतात. क्रॉनटॅब ही कमांडही आहे आणि त्याच नावाची एक फाइलही आहे. आकडा न देता विचारले की मॅन ठरलेल्या क्रमाने विभाग पाहतो आणि पहिल्यांदा सापडलेले पान दाखवून थांबतो. तो क्रम पहिल्या विभागापासून सुरू होत असल्यामुळे तुमच्यासमोर कमांडचे पान आले. वेळेचे पाच रकाने हा फाइलीच्या रचनेचा भाग असल्याने ते पाचव्या विभागात आहेत. पासडब्ल्यूडीची गोष्ट अशीच आहे: पहिल्या विभागात पासवर्ड बदलण्याची कमांड आणि पाचव्यात खात्यांच्या फाइलीतील रकाने. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफचे शेलमधील (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) रूप पहिल्यात आणि सी भाषेतील रूप तिसऱ्यात मिळते.

एखाद्या नावाची किती पाने आहेत हे पाहण्यासाठी व्हॉटइज आणि पुढे ते नाव द्यावे. प्रत्येक पानाची एकेक ओळ विभागाच्या आकड्यासह समोर येते. नावच ठाऊक नसेल तेव्हा मॅनला वजा चिन्ह आणि लहान लिपीतील के हा पर्याय देऊन विषयाचा इंग्रजी शब्द द्यावा. अप्रोपोस ही कमांडही हेच काम करते. हा शोध प्रत्येक पानाच्या नावात आणि त्यापुढील एका ओळीच्या वर्णनात होतो, त्यामुळे शब्द जितका साधा आणि नेमका तितके बरे. सगळ्याच शोधांना काहीच सापडले नाही असे उत्तर येत असेल, तर बहुधा पानांची सूची तयार झालेली नसते. प्रशासकाच्या अधिकाराने मॅनडीबी एकदा चालवावी. मोठ्या लिपीतील के हा पर्याय सर्व पानांच्या संपूर्ण मजकुरात शोधतो. तो सावकाश चालतो, पण बाकी मार्ग खुंटले की उपयोगी पडतो.

सीडीचे पान नसण्याचे कारण असे की सीडी हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही, ती बॅश शेलच्या पोटातच आहे. टाइप सीडी असे विचारले की शेल स्वतःच हे सांगतो. अशा अंतर्गत कमांडसाठी हेल्प सीडी द्यावे, किंवा मॅन बॅश उघडून त्यात शोधावे. मजकूर पडद्यावर दाखवणाऱ्या इको सारख्या काही कमांड दोन्ही ठिकाणी असतात: शेलच्या आत एक आणि डिस्कवर दुसरी. मॅन इको डिस्कवरील प्रोग्रॅमचे वर्णन करते, तर तुम्ही इको लिहिता तेव्हा शेलमधील चालते, आणि त्या दोहोंचे पर्याय अगदी एकसारखे असतीलच असे नाही. म्हणून एखादा पर्याय पानात लिहिल्याप्रमाणे वागत नसेल, तर पानाला दोष देण्याआधी टाइपला वजा ए देऊन नेमके काय चालते आहे ते पाहावे.

राजारामपुरी यांचे उत्तर

मी पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना लिनक्स शिकवते. वरील उत्तर पूर्ण आहे. मला बोलायचे आहे ते पान उघडल्यानंतर ते वाचायचे कसे याविषयी, कारण मराठी माध्यमातून आलेली कितीतरी हुशार मुले तेथेच थांबतात. त्यांना वाटते की हे इंग्रजी आपल्याला झेपणार नाही. प्रत्यक्षात या पानांची भाषा अतिशय आखीव असते, तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि मथळेही ठरलेले असतात. नाव, रूपरेषा, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा आणि ज्ञात दोष हे मथळे 1971 च्या त्या पहिल्या पुस्तिकेतही होते. स्वतःच्या प्रोग्रॅममधील दोष त्याच्याच पानावर लिहून ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते आणि ती मी वर्गात आवर्जून दाखवते.

कमांड कशी लिहायची हे दाखवणारी रूपरेषेची ओळ मी मुलांकडून वहीत उतरवून घेते. चौकटी कंसात असेल ते दिले नाही तरी चालते. उभ्या रेघेने वेगळे केलेल्यांपैकी एकच निवडायचे असते. तीन टिंबे असतील तर आधीचा घटक कितीही वेळा देता येतो. ठळक अक्षरांतील मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा आणि अधोरेखित किंवा तिरप्या अक्षरांतील शब्दाच्या जागी आपली फाइल किंवा आपली संख्या घालायची. एवढे कळले की पानाच्या पहिल्या पडद्यावरच बरेचसे काम होते. त्यानंतर मोठ्या लिपीतील जी दाबून थेट तळाशी जावे, कारण उदाहरणे असल्यास बहुधा तेथे असतात. क्यू दाबले की बाहेर पडता येते आणि एच दाबले की सर्व कळांची यादी मिळते.

शिरोलीकर, जुन्या फाइली काढून टाकण्यासाठी आपण बहुधा फाइली शोधणारी फाइंड ही कमांड वापराल. त्या ओळीला हात लावण्यापूर्वी मॅन फाइंडमधील दोन परिच्छेद वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिला डिलीट या क्रियेचा. फाइंड आपली ओळ डावीकडून उजवीकडे अटींची साखळी म्हणून तपासते, त्यामुळे डिलीट अटींच्या आधी लिहिले तर ती दिलेल्या फोल्डरखालचे सर्व काही काढू लागते. पानावर तसा इशारा दिलेला आहे. दुसरा परिच्छेद दिवस मोजण्याचा. फाइलीचे वय चोवीस तासांच्या पूर्ण भागांत मोजले जाते आणि उरलेला अपूर्णांक सोडून दिला जातो, म्हणून एमटाइमला (फाइल शेवटची कधी बदलली यावरच्या अटीला) अधिक एक दिल्यास फाइल किमान दोन दिवस जुनी असावी लागते. आपण अधिक तीस द्याल तर एकतीस दिवस पूर्ण झालेल्या फाइली निवडल्या जातील. आधी डिलीटच्या जागी प्रिंट लिहून यादी डोळ्यांखालून घालावी आणि मगच शब्द बदलावा.

यंत्रावरची पाने वाचण्याचा आग्रह मी इंटरनेट असतानाही धरते, आणि त्याचे कारण आवृत्तीचे आहे. इंटरनेटवर सापडणारी ओळ कोणत्या प्रणालीवर लिहिली गेली हे बहुतेक वेळा समजत नाही. लिनक्सवरील सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये फाइल जागीच बदलण्याच्या पर्यायाला पुढे काही द्यावे लागत नाही, तर मॅकवरील सेड तेथे राखीव प्रतीच्या नावाचा शेवट मागते, मग तो रिकामा का असेना. यंत्रावरचे पान त्याच यंत्रावरच्या प्रोग्रॅमबरोबर आलेले असते. शिवाय 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे; अशा दिवसांत कारखान्यात जो एकटा अडकतो त्याच्या हाताशी तीच पुस्तिका असते.

गंगावेस यांचे उत्तर

दोन गोष्टींची भर घालतो. काही सर्व्हरवर उबंटूची छाटलेली आवृत्ती बसवलेली असते आणि तिच्यातून मॅनची पाने जागा वाचवण्यासाठी वगळलेली असतात. तेथे मॅन चालवले की ही प्रणाली लहान केलेली आहे आणि पाने परत आणण्यासाठी अनमिनिमाइझ चालवा, असा संदेश येतो. त्या कमांडला इंटरनेट लागते, त्यामुळे यंत्र बंद जाळ्यात नेण्याआधीच ते काम उरकावे. ते शक्य नसेल तर त्याच आवृत्तीचे उबंटू असलेला एखादा संगणक शेजारी ठेवावा आणि पाने त्यावर वाचावीत. तोवर बहुतेक प्रोग्रॅमना दोन वजा चिन्हे आणि हेल्प दिले तर संक्षिप्त माहिती मिळते, कारण ती प्रोग्रॅमच्या आतच असते.

मॅनच सर्वांत पूर्ण असते, हे मात्र मला सरसकट मान्य नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पाच्या टार, सॉर्ट, डेट यांसारख्या साधनांचे सविस्तर लेखन इन्फो या वेगळ्या पुस्तिकेच्या स्वरूपात असते आणि त्यांची मॅन पाने त्यामानाने आटोपशीर असतात. डेटला मागच्या सोमवारची तारीख किंवा तीन दिवसांपूर्वीची तारीख शब्दांत कशी विचारता येते, याची पूर्ण चर्चा इन्फोमध्ये वाचायला मिळते. इन्फोमध्ये फिरण्याच्या कळा वेगळ्या आहेत हे खरे. पण इन्फोचे उत्तर लेस या पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या कमांडकडे पाठवले की तो मजकूर सलग वाचता येतो. एखाद्या पॅकेजच्या नमुना फाइली हव्या असतील तर यूएसआर, शेअर, डॉक या मार्गाखाली त्या पॅकेजच्या नावाचे फोल्डर पाहावे.

शिरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या सर्व्हरवर पाने आहेत आणि मॅनडीबी चालवल्यावर शोधही सुरू झाला. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ दिल्यावर रात्रीची फाइल तयार होऊ लागली. राजारामपुरी मॅडम, फाइंडची यादी आपण सांगितल्याप्रमाणे आधी छापून घेतली आहे आणि ती विभागप्रमुखांना दाखवूनच पुढचे पाऊल टाकणार आहे.

पाचव्या विभागातील ते पान पूर्ण वाचताना एक नवी अडचण लक्षात आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, भट्टी बंद असताना, संपूर्ण प्रत घ्यायची आहे. त्यासाठी तारखेच्या रकान्यात एक ते सात आणि वाराच्या रकान्यात शून्य लिहिण्याचा विचार होता. परंतु पान म्हणते की दोन्ही रकाने मर्यादित केले असतील तर त्यांपैकी कोणताही एक जुळला तरी कमांड चालते. तसे असेल तर ती पहिले सातही दिवस आणि शिवाय प्रत्येक रविवारी चालेल. हे मी बरोबर समजलो आहे का?

कळंबा रोड

अगदी बरोबर समजला आहात. वाराच्या रकान्यात तारा (कोणताही वार) ठेवा, तारखेत एक ते सात राहू द्या आणि वार कमांडच्या आत तपासा. मॅन डेट पाहिलेत तर टक्का आणि लहान लिपीतील यू हे रूप वाराचा आकडा देते असे दिसेल. त्यात सोमवार एक आणि रविवार सात असतो. तो आकडा सात आहे का हे टेस्ट या अट तपासणाऱ्या कमांडने पाहावे आणि पुढे दोन अँड चिन्हे देऊन प्रत घेण्याची कमांड लिहावी. येथेही टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ हवीच.

फक्त टेस्टचे पर्याय पाहताना एक लक्षात ठेवा. क्रॉनटॅबमध्ये तुम्ही शेल ठरवून दिला नसेल तर ओळ एसएचकडून चालवली जाते, आणि उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसून डॅश हा दुसरा शेल असतो. त्यामुळे हेल्प टेस्टवर विसंबू नका, मॅन डॅश उघडा आणि त्यात टेस्ट शोधा. बॅशमधील दुहेरी चौकटी कंस तेथे चालत नाहीत, एकेरी कंस वापरावेत. त्याच पाचव्या विभागातील पानावर मेलटू या चलाविषयी लिहिले आहे, तेही वाचून घ्या. सर्व्हरवर स्थानिक मेलची व्यवस्था असेल तर ओळ का चालली नाही याचा संदेश सकाळी तुमच्या खात्यात मिळेल. नसेल तर कमांडचे उत्तर आणि तिच्या चुका या दोन्ही एखाद्या फाइलीत वळवून ठेवा.