दुर्मीळ प्राण्यांची शिकार : शिक्षा कमी पडते आहे का?

रानवाट :
दक्षिण आफ्रिकेत २००७ साली चोरट्या शिकाऱ्यांनी १३ गेंडे मारले. २०१४ साली १,२१५. आपल्या नखांत असतं तेच केराटिन शिंगात असतं, आणि त्यासाठी कित्येकदा जनावर जिवंत असतानाच त्याचं तोंड कुऱ्हाडीने फोडतात.

तिथल्याच कोर्टाने २०१२ मध्ये शिंगांच्या एका थायी तस्कराला ४० वर्षं दिली. शिकारीच्या कायदेशीर परवान्यांआडून तो शिंगं बाहेर काढत होता. अपिलात ४० ची ३० झाली, ३० ची १३, आणि २०१८ मध्ये माणूस बाहेर. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे वाघासारख्या सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं आहेत. किमान दंड २०२२ च्या दुरुस्तीने १०,००० वरून २५,००० रुपये केला. वाघाच्या कातडीवर कमावणाऱ्या टोळीला हा दंड किरकोळ खर्चासारखा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नामशेष व्हायला आलेल्या प्राण्याची शिकार खुनाच्या रांगेत बसवा. किमान १० वर्षं, जामीन नाही. केनियाने २०१३ च्या कायद्यात जन्मठेप आणलीच की.

साक्षीपुरावा :
असहमत, आणि केनियावरूनच सांगतो. तिथे हस्तिदंताच्या एका गाजलेल्या खटल्यात २०१६ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं, कारण पुराव्याची साखळीच जुळत नव्हती. शिक्षा जितकी जबर, तितकं कोर्ट पुरावा बारकाईने तपासणार. तपासायलाच हवा.

चीनमध्ये २०११ पर्यंत दुर्मीळ प्राण्यांच्या तस्करीला फाशी होती. तरी हस्तिदंताचा बाजार चालूच राहिला. त्याची कायदेशीर दुकानं बंद झाली ती २०१७ च्या अखेरीस, विक्रीवरच बंदी आली तेव्हा.

आणि वेळेचं काय? १९९८ मधल्या काळविटाच्या प्रकरणात जोधपूरच्या कोर्टाचा निकाल आला २०१८ मध्ये. कायद्यात शिक्षा ७० वर्षं लिहिलेली असती, तर ती वीस वर्षं कमी झाली असती का?

जुना_वनपाल :
मी वनखात्यातून निवृत्त झालो. दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण कागदावरच्या वर्षांपेक्षा मला पंचनाम्याची काळजी जास्त वाटते.

लोखंडी सापळा सापडतो, कातडी जप्त होते, पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाटतो. इथवर सगळं जोरात. मग पंच म्हणून सही केलेल्या माणसाला आठ-दहा वर्षांनी कोर्टातून बोलावणं येतं. त्याला जागा आठवत नाही, तारीख आठवत नाही. नमुन्याच्या पाकिटावरचं सील नीट नसेल, तर बचावाचा वकील तेवढंच धरून बसतो. आमच्यातल्या कितीजणांना साक्ष द्यायचं प्रशिक्षण मिळालं होतं? मला नव्हतं मिळालं. माझी उलटतपासणी झाली त्या दिवसाची लाज अजून वाटते, कारण माणूस सुटला आणि त्यानेच ते केलं होतं हे मला ठाऊक होतं.

आता साधनं सुधारली आहेत. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. जप्त कातडीचे पट्टे जंगलात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंशी जुळवून तो वाघ कुठल्या जंगलातला, हे कळू शकतं. असा पुरावा पंचासारखा विसरत नाही. पैसा तिथे घाला.

मुक्तछंद :
‘जामीन नाही’ वाचून थांबले. आत कोण सडणार, याचा विचार केलात का? सापळा लावणारा गरीब माणूस. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींवर तो कायदा १९५२ मध्ये गेल्यानंतरही पहिला संशय जातोच. माल विकत घेणारा शहरात बसलेला असतो. त्याच्या दारात पंचनामा होत नाही.

नेपाळ बघा. २०११ मध्ये तिथे वर्षभरात एकही गेंडा शिकाऱ्यांनी मारला नाही, आणि पुढेही अशी वर्षं आली. उद्यानांच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांना मिळतो. गेंडा जिवंत राहण्यात गावाचा फायदा असला, की बातमी गावातूनच येते.

रानवाट :
नेपाळचं अर्धंच चित्र सांगितलंत. तिथे गेंड्याच्या शिकारीला ५ ते १५ वर्षं आहेत आणि उद्यानांच्या राखणीला सैन्य आहे. गावाचा वाटा महत्त्वाचा, मान्य. पण मागे तो धाक नसता तर?

शिवाय शिक्षेच्या आकड्याला आणखी एक काम असतं. संघटित गुन्ह्यांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ‘गंभीर गुन्हा’ कशाला म्हणायचं? ज्याची कमाल शिक्षा किमान ४ वर्षं आहे, त्याला. जो देश नुसत्या दंडावर भागवतो, त्याच्याकडे ज्याला शहरातला बडा म्हणता तोच जाऊन बसतो, आणि त्या कराराच्या आधारे त्याला तिथून मागून घेणं अवघड होतं.

साक्षीपुरावा :
चार वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो तेवढं. पण तो किमान उंबरठा झाला, १० वर्षांचं समर्थन नव्हे.

मुक्तछंद :
मग सापळा लावणारा आणि पैसा पुरवणारा यांना एकाच कलमात का कोंबायचं?

रानवाट :
नका कोंबू. १० वर्षं पैसा पुरवणाऱ्याला, वर मालमत्ता जप्त. जामीनबंदीही फक्त त्याला. सापळ्यावाल्याने वरचं नाव सांगितलं तर त्याला सवलत द्या. पण शून्यावर आणू नका. मेलेल्या वाघिणीची पिल्लंही जगत नाहीत.

जुना_वनपाल :
मालमत्ता जप्तीची तरतूद आपल्या कायद्यात २००३ पासून आहे. प्रकरण सहा-अ. माझ्या नोकरीत एका फाइलवरही ते लावलेलं मी पाहिलं नाही. आणि सापळ्यावाला वरचं नाव सांगतो हो, पहिल्याच रात्री सांगतो. त्या नावामागे दुसऱ्या राज्यात जायला गाडी आणि परवानगी मिळेपर्यंत त्याचा फोन नंबर बंद झालेला असतो.