बरोबरी नशिबाने साधत नाही

फुटबॉलमध्ये बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे गोलरक्षकासमोर आळीपाळीने फटके मारून, मिळालेला विजय हा केवळ नशिबाचा भाग असतो, हे मत २०२४ च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यापुरते तरी मला मान्य नाही. सतरा वेळच्या विजेत्या मोहन बागानने कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, मध्यंतरापर्यंत २-० अशी आघाडी घेतलेली असताना, तोवर एकही चषक न जिंकलेल्या नॉर्थईस्ट युनायटेडने अजाराई आणि गिलेर्मो यांच्या गोलांनी बघता बघता बरोबरी साधली. पोळा तोंडावर होता. आमच्या यवतमाळकडच्या गावात शेतातल्या डवरणीहून परतलेली पोरे चिखलाच्या पायांनीच मोबाइलभोवती बसली होती. नॉर्थईस्टचा गोलरक्षक गुरमीत याने शूटआउटमध्ये दोन फटके अडवले आणि संघ जिंकला, हे खरेच. परंतु तिथवर पोहोचण्याचे श्रेय दुसऱ्या सत्रातील जिद्दीलाच द्यावे लागेल.