अनुभव धागा: घरातली वाळवी कुठून येते आणि औषध मारूनही परत का येते?

मृगाच्या पहिल्या सरीनंतर ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडतो आणि मग चौकटी ठोकून बघायची आठवण होते. वाळवी म्हणा, उधई म्हणा, या विषयातल्या जाणकारांनी इथे लिहावं. मापं, प्रमाण, कारणं हवीत. 'आमच्याकडे पण होती' एवढंच नको.

चिरेबंदी:
आधी ओळख. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीचे चारही पंख सारखे, कंबर नाहीच. 'पांढरी मुंगी' नावापुरती, नातं झुरळाशी. पंख अंगणातल्या दिव्याखाली पडले असतील तर सोडून द्या. बंद खोलीत, खिडकीच्या पट्टीवर किंवा चौकटीच्या फटीशी ढीग सापडला, तर वसाहत घरात किंवा जोत्याखाली आहे असं धरून चाला.

पंपवाला:
भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली की लोक आधी ती झाडूने पाडतात. मोठी चूक! वाळवीचं अंग मऊ, हवा लागली की सुकते, म्हणून ती झाकलेल्या वाटेने चालते. वाट मोडलीत तर दुसरीकडून काढेल आणि तुम्हाला माग राहणार नाही. मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाच पाडा. काही दिवसांत ओल्या मातीने बुजवला तर वाट चालू आहे.

आता औषध. नळीवर फवारा मारून समोर दिसतात तेवढ्याच मरतात. राणी आणि बाकीची वसाहत मातीत. त्यामुळे औषध मातीत जायला हवं. फरशी आणि भिंत मिळते तिथे १२ मिमीचं भोक, दर ३०० मिमीवर, म्हणजे फुटाला एक. भोक कोबा ओलांडून खालच्या भरावापर्यंत गेलं पाहिजे. नुसती टाइल फोडून उपयोग नाही. प्रत्येक भोकात माती पिईल तेवढं, जास्तीत जास्त १ लिटर. मग पांढऱ्या सिमेंटने बुजवायचं. डब्यावर औषधाचं नाव, टक्केवारी आणि द्रवाचा प्रकार (एससी, ईसी) लिहिलेला असतो. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली, क्लोरपायरिफॉस २० ईसी असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी.

हिशेब करा: १० बाय १२ची खोली, घेर ४४ फूट, दार वगळून चाळीसेक भोकं. म्हणजे चाळीस लिटरपर्यंत द्रावण लागू शकतं. पाच लिटरचा पंप घेऊन अर्ध्या तासात 'झालं' म्हणणारा काय करून गेला ते तुम्हीच ठरवा.

माळ्यावरचा:
पंपवाले दादा, रॉकेल ओतलं तर? आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

पंपवाला:
वास असेपर्यंत त्या बाजूला सरकतात, उडून गेला की परत. शिवाय आगीचा धोका. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांचा फायदा असा की वाळवीला त्यांचा पत्ता लागत नाही. ती त्यातून चालते आणि एकमेकींना चाटताना विष पुढे देते. म्हणून लगेच मेलेल्या दिसल्या नाहीत तर पैसे बुडाले समजू नका. आणि अंगणात विहीर असेल तर तिच्या बाजूच्या मातीत औषध अजिबात सोडू नका. घरात माशांची टाकी असली तर तीही आधी हलवा.

रंधा:
'सागाला वाळवी लागत नाही' हे अर्धंच खरं. गाभ्याला सहसा लागत नाही. कडेच्या पांढरट लाकडाला लागते, आणि हल्ली चौकटीत तेच जास्त येतं. आंबा, सावर, पाइन तर तिचं जेवणच. तपासताना पेचकसाची मूठ लाकडावर आपटा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द. चौकटीचे पाय जमिनीत पुरू नका, दगडावर टेकवा. लागण झालेल्या चौकटीत ६ मिमीची भोकं, १५० मिमीवर, खाली तिरकी पाडून तेलात कालवलेलं औषध सोडतात. पाण्यातलं सोडलं तर लाकूड फुगतं. प्लायवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं म्हणजे डिंक पाण्याला टिकतो एवढंच. वाळवीविरोधी प्रक्रिया झालीय का, ते वेगळं विचारा.

डक्ट:
फ्लॅटवाल्यांनो, तिसऱ्या मजल्यावर कशी आली हा प्रश्न नेहमीचा. पाइपांचा डक्ट, वायरींच्या नळ्या आणि बाथरूमचा सखल स्लॅब (पाइप बसवायला खाली उतरवून वर भराव घातलेला). त्या स्लॅबच्या विटांच्या भरावात सेंट्रिंगच्या लाकडाचे तुकडे राहिले आणि वरून गळती असली, तर खाणं-पाणी दोन्ही मिळतं. गळती न थांबवता औषध मारणं व्यर्थ. तळमजल्यावरचे, तुमची लागण वरच्यांकडे जाऊ शकते. सोसायटीने डक्टच्या बुंध्यापासून सुरुवात करावी.

खारा वारा:
किनारपट्टीवर आणखी एक जात आहे, कोरड्या लाकडातली. नळी नाही, मातीशी संबंध नाही. कपाटाखाली खसखशीसारखे बारीक कण पडतात. भिंगातून सहा कडा दिसतात. भुंग्याने पोखरलेल्या लाकडाखाली पिठासारखा भुसा पडतो, गल्लत करू नका. इथे जमिनीतलं औषध वाया जातं. ती वस्तू वेगळी काढून भोकांतून औषध भरायचं, नाहीतर धुरी, म्हणजे बंदिस्त करून विषारी वायू सोडणं.

चिरेबंदी:
एक राहिलं. सरपण, शेणी, जुनी वर्तमानपत्रं भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीपासून हातभर लांब, विटांवर. मागची भिंत दिसली पाहिजे, नाहीतर नळी चढलेली कळणारच नाही.