कातळावर तंबूच्या मेखा जात नाहीत, मदत हवी आहे (शुक्रवारी रात्री निघायचंय)

पायडल_ठाणे
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. तंबूच्या मेखा जमिनीत जात नाहीत. गेल्या महिन्यात आठपैकी तीन वाकल्या, एकीचा आकडा ठोकताना सरळ झाला, आणि रात्री तीनच्या सुमारास तंबू अंगावर आला. उरलेली रात्र सायकलला टेकून काढली. वजन वाढवायचं नाहीये, त्यामुळे हातोडी सुचवू नका. कुठल्या मेखा घेऊ? मागवायच्या तर आजच ऑर्डर टाकावी लागेल.

घाटवाटा
कुठली जमीन? कुठला तंबू? मेखा कुठल्या होत्या? काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

रानभैरी
मेखा लागतातच कशाला? घुमटाकार तंबू दोन काठ्यांवर आपला आपण उभा राहतो. आत सॅक टाकायची, झोपायचं. मी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ एकही मेख न ठोकता झोपलोय.

घाटवाटा
@रानभैरी, कृपया असा सल्ला देऊ नका. तुम्ही आत होतात म्हणून तंबू जागेवर राहिला. पाणी आणायला सगळे बाहेर पडले आणि रिकामा तंबू दरीच्या दिशेने गडगडत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायडल_ठाणे
मेखा टायटॅनियमच्या, आकडीवाल्या, एक साधारण ६ ग्रॅमची. जमीन कोकणातली, लाल.

लांजेकर
लाल माती की कातळ? दोन्ही लालच दिसतात.

पायडल_ठाणे
आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा सगळ्या फेरीबोटी घेत सायकलने किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. जयगड सोडल्यावर गणपतीपुळ्याच्या अलीकडे सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) मुक्काम केला, तिथे हे झालं. आणि तंबू एका खांबाचा आहे, मधोमध एक काठी आणि सगळा ताण मेखांवर. मेखा नसतील तर ती नुसती चादर. हे आधीच लिहायला हवं होतं.

खिळामोळा
मग उत्तर सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ६ इंची एकच लोखंडी खिळा घ्या. माझ्या काट्यावर २४ ग्रॅम भरला. आधी तो दगडाने ठोकून भोक पाडायचं, फिरवून उपसायचा आणि त्याच भोकात आपली हलकी मेख सरकवायची. मुरुमावर मी चार वर्षं हेच करतोय, एकही मेख वाकलेली नाही. जमीन फार सुकी असेल तर भोकात घोटभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबा.

लांजेकर
मुरुमावर ठीक. सड्यावर नाही चालणार. आमचा जांभा, म्हणजे सड्याचा लाल दगड, खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर चिरे कापता येतात. हवा-ऊन लागलं की वरून कडक होत जातो. सड्याचा माथा पिढ्यानपिढ्या उघडा पडलेला, त्यात खिळा ठोकाल तर खिळाच वाकेल. मातीही जेमतेम बोटभर, तीही खड्ड्याखोपच्यात.

खिळामोळा
जांभ्याला भोकं असतातच की, त्यात खिळा घुसतो. मी मालवणकडे केलंय.

लांजेकर
घुसतो, पण धरत नाही. तिरका ताण आला की कडेचा कपचा निघतो आणि खिळ्यासकट दोरी मोकळी.

निद्रादेवी
हिवाळ्यात कोकणात पिसांची स्लीपिंग बॅग घेऊ नका. पहाटे दव इतकं पडतं की पिसं ओली होऊन गोळा होतात. कृत्रिम भरणाची घ्या. उशीला कपड्यांची पिशवी पुरते.

पायडल_ठाणे
स्लीपिंग बॅगचा प्रश्न नाहीये. मेखा.

घाटवाटा
मेखा विसरा. सड्यावर ठोकायचं नाही, बांधायचं. दोन दगडांची पद्धत सांगतो, नीट वाचा. कोपऱ्याच्या फाशाला दीड-दोन मीटर जादा दोरी जोडा. दोरीच्या टोकाला तीच तुमची आकडी मेख आडवी बांधा, नाहीतर मुठीएवढा लांबट दगड. ते जमिनीवर ठेवा. आता उचलताना दोन्ही हात लागतील असा मोठा दगड दोरीवर ठेवा, तंबू आणि मेख यांच्या मध्ये. ताण आला की मेख तंबूकडे ओढली जाते आणि मोठ्या दगडाला मागून अडकते. नुसता दगड दोरीला बांधला तर तो घसरत पुढे येतो, इथे तसं होत नाही. ताण कमी-जास्त करायला सरकगाठ तंबूच्या बाजूला ठेवा, म्हणजे रात्री दगड हलवावे लागणार नाहीत.

लांजेकर
हे बरोबर. एक भर घालतो. जांभा खरखरीत, कानशीसारखा. रात्रभर दोरी त्याच्यावर घासली की सकाळी धागे सुटलेले दिसतात. सायकलवाल्याकडे पंक्चरची जुनी ट्यूब असतेच. बोटभर लांबीचे तुकडे कापून दोरीत ओवा आणि दगड बसतो तिथे सरकवा. वाऱ्याचंही बघा. आत्ता रात्री मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. समुद्र बघायचा म्हणून तोंड पश्चिमेला ठेवता ते ठीक, पण मग सगळ्यात भारी दगड पूर्वेच्या बाजूला.

रानभैरी
दगड शोधायची काय गरज, रस्त्याच्या कडेला आंब्याच्या बागांना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात. त्यातले आठ दगड घ्यायचे, सकाळी परत ठेवायचे.

लांजेकर
अजिबात नको!! गडगा कुणीतरी हाताने रचलेला असतो, बिनचुन्याचा, दगडात दगड अडकवून. मधला एक काढलात की वरचे चार ढासळतात, आणि सकाळी तुम्ही ते जसेच्या तसे बसवू शकत नाही. त्या खिंडारातून गुरं बागेत शिरतात. आत्ता कलमांवर मोहोर आहे, वर्षाचं पीक त्याच्यावर. आमच्या बागेच्या गडग्याला असंच कुणीतरी खिंडार पाडून गेलं होतं, नवी कलमं गुरांनी खाल्ली. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

रानभैरी
हे खरंच माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो.

वैद्यबाई_चिपळूण
दगडांचा विषय निघालाच आहे तर, मला वाटतं मेखांपेक्षा हे महत्त्वाचं आहे. सड्यावर दगडाखाली फुरसं असतं. फूट-दीड फुटाचं, कातळाच्याच रंगाचं, विळखा घालून अंगाला अंग घासतं तेव्हा करवतीसारखा आवाज येतो. लहान आहे म्हणून कमी समजू नका, आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांत ते आहे. अंधार पडल्यावर दगड गोळा करायचे नाहीत. उजेड असताना, पायात बूट घालून, आधी काठीने दगड आपल्या दिशेने उलटायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे निघतं. मगच हात. चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस या चारही सापांवर चालते.

घाटवाटा
+१. आणि विंचू. लाल विंचू तर कोकणात जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचवले. २०२२ साली पद्मश्री मिळाली त्यांना.

वैद्यबाई_चिपळूण
हो. आमच्या शिक्षणात त्यांच्या कामाचा उल्लेख आदराने व्हायचा.

पाटीपेन्सिल
अवांतर, पण राहवत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कातळात कोरलेली चित्रं. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सगळ्यांभोवती कुंपण नाही, गवतात पायाखालची रेघ दिसतही नाही. तंबू लावण्याआधी गवत बाजूला करून कातळ बघा. रेघ दिसली तर तिथे दगड ओढू नका, खिळा तर नकोच.

लांजेकर
अनुमोदन. आणि सुकं गवत असताना चुलीचा हट्ट नको. एका ठिणगीने सडाभर वणवा जातो.

कोकणकन्या
दादा, एवढं सगळं करण्यापेक्षा गावात विचारा. देवळाच्या सभामंडपात पाठ टेकायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पाणीही मिळतं.

पायडल_ठाणे
ताई, मन:पूर्वक धन्यवाद, एक रात्र तसंच करीन. बाकी सगळ्यांना: मेखा मागवलेल्या नाहीत. पाच मिमीची दहा मीटर दोरी आणि ट्यूबचे तुकडे घेतले. खिळाही घेतलाय, मुरुम लागला तर. सोमवारी कळवतो.

पायडल_ठाणे
परत आलो. साडेपाचलाच सड्यावर पोचलो आणि काठी घेऊन दगड उलटले. सातव्या दगडाखाली विंचू होता, तो तसाच ठेवून दुसरीकडे गेलो. सहा कोपरे दोन दगडांच्या पद्धतीने बांधले, सातवी दोरी सायकल उलटी करून तिच्या बैठकीला. पहाटे वारा पूर्वेकडूनच आला, काठी किंचित कलली, सरकगाठ आतूनच ओढून घेतली. ट्यूब सहाच कोपऱ्यांना पुरली होती. सायकलची दोरी दगडाच्या धारेवर उघडी राहिली आणि सकाळी तिचं वरचं आवरण सुटलं होतं, आतले तीन धागे शाबूत. खाली उतरताना एका बागेपाशी खिळा आणि मेख मिळून पहिल्यांदा नीट बसली, तिथे खरीखुरी माती होती. लांजेकर, पुढच्या वेळी तुमच्याकडून यायला आवडेल, बागेचा गडगा बघायचाय.

लांजेकर
या. फक्त एप्रिलमध्ये नको, आंबा काढणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.