न्यू इंग्लंडमधील फ्रेंच-कॅनेडियन वारसा: या लोकांनी त्या प्रदेशाला काय दिले?

सीताबर्डीकर
नमस्कार. माझी मुलगी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे राहते. तिच्या शेजारी फ्रेंच आडनावांची बरीच कुटुंबे असून त्यांचे पूर्वज कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातून आले होते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात या समाजाच्या योगदानावर मला बोलायचे आहे. मात्र सण आणि खाद्यपदार्थांची यादी वाचून दाखवण्याची इच्छा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

महालवासी
सुरुवात गिरण्यांपासून करावी. 1840 ते 1930 या काळात सुमारे 9 लाख फ्रेंच-कॅनेडियन लोक अमेरिकेत गेले, कारण क्वेबेकमधील जमिनीचे तुकडे पडत गेले होते आणि शेतीवर कर्ज चढले होते. मँचेस्टर, लोवेल, वूनसॉकेट, लुइस्टन या शहरांतील सूतगिरण्यांत आईवडिलांबरोबर मुलेही कामाला लागत. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर दिवस चालणारी वस्ती पाहिलेल्या नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इतवारीकर
महालवासी यांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु माझ्या मते या समाजाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे पतपेढी. आल्फोंस देजार्दिन यांनी 1900 मध्ये क्वेबेकमधील लेव्ही येथे पहिली लोकपतपेढी काढली. पुढे त्यांच्याच साहाय्याने 1908 मध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरी धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीतील) गिरणी कामगारांसाठी अमेरिकेतील पहिली पतपेढी उभी राहिली. तिचा कारभार सुरुवातीला एका वकिलाच्या राहत्या घरातून चाले आणि त्याच घरात आज पतपेढ्यांचे संग्रहालय आहे. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, म्हणजे याच सुमाराचा (मंडळातील निवृत्त बँक कर्मचारी येथे नक्की कान टवकारतील).

धरमपेठ_वाचक
गौरव करताना या लोकांना मिळालेली वागणूक वगळू नये, ही विनंती. मॅसॅच्युसेट्सच्या 1881 च्या सरकारी अहवालात त्यांना ‘पूर्वेकडील राज्यांचे चिनी’ म्हणून हिणवले गेले, आणि मेन राज्याने 1919 मध्ये कायदा करून सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती केली. तरीही चर्चच्या शाळा आणि वृत्तपत्रे यांच्या आधाराने त्यांनी फ्रेंच भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. लोवेलला 1922 मध्ये जन्मलेले लेखक जॅक केरुअ‍ॅक घरात फ्रेंचच बोलत वाढले, हे उदाहरण अवश्य द्यावे.

सीताबर्डीकर
सर्वांचे आभार. भाषणाचा मुख्य भाग पतपेढीवर ठेवतो आणि 1919 चा कायदा त्याच्या आधी घेतो. त्या संग्रहालयाची छायाचित्रे मुलीकडून मागवली आहेत.