ओ'नील घराण्याच्या प्राचीन केल्टिक मुळाविषयी

प्रश्न :
आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतावर सत्ता गाजवणाऱ्या ओ'नील घराण्याची वंशावळ पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या ‘नऊ ओलिसांचा निआल’ या राजापर्यंत, आणि त्याच्याही मागे स्पेनहून आलेल्या मील नावाच्या पूर्वजापर्यंत नेलेली आढळते. यातील कितपत भाग इतिहास मानावा, आणि या घराण्याला ‘प्राचीन केल्ट’ म्हणण्यास आधार काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
ओ'नील हे आडनाव ओलिसांच्या निआलवरून आलेले नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. ते निआल ग्लूनडुव या राजावरून आले, जो 919 मध्ये डब्लिनजवळ नॉर्स (व्हायकिंग) लोकांशी लढताना मारला गेला. त्याचा नातू डोनाल याच्यापासून ते रूढ झाले. तेथून पुढची परंपरा मठांतील इतिवृत्तांमुळे बरीच भक्कम आहे. त्या इतिवृत्तांतील नोंदी समकालीन मानता येतात त्या साधारण सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, त्यामुळे ओलिसांचा निआल त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो. तो होऊन गेला असावा, पण त्याच्या पराक्रमाच्या कथा फार नंतर लिहिल्या गेल्या.

मीलची कथा तर अकराव्या शतकात संकलित झालेल्या ग्रंथातली आहे. आयरिश राजकुळांना बायबलमधील नोहाच्या वंशात बसवण्याचा तो विद्वानांचा खटाटोप होता. (आपल्याकडील राजकुळांनीही सूर्यवंशाशी नाते जोडलेच होते.) एखादे कुळ प्रबळ झाले की त्याचा पूर्वजही बदलत असे : ब्रायन बोरू या राजाचे डाल गॅश कुळ दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात वर आले, तेव्हा त्याचा मूळपुरुष तेथील जुन्या राजकुळाच्या मूळपुरुषाचा भाऊ ठरवण्यात आला.

प्रतिसाद २ :
‘केल्ट’ या शब्दाबाबत अधिक सावध राहायला हवे. ग्रीक व रोमन लेखकांनी हे नाव मुख्यतः युरोपच्या मुख्य भूमीवरील लोकांना दिले, आयर्लंडच्या रहिवाशांना कधीच नाही. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषांचे प्राचीन गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातील) भाषेशी नाते एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने 1707 मध्ये मांडले आणि त्यानंतर हे नाव आयरिश लोकांना चिकटले. भाषेच्या अर्थाने ओ'नील निःसंशय केल्टिक आहेत. लोहयुगात केल्टांच्या टोळ्यांनी आयर्लंड जिंकले, या जुन्या समजुतीला मात्र उत्खननांतून पुरेसा आधार मिळत नाही.

याउलट, आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळील रॅथलिन बेटावर सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ताम्र-कांस्ययुगीन पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ते आजच्या आयरिश लोकांशी बरेच मिळतेजुळते निघाले. म्हणजे लोकसंख्येची मूळ घडण लोहयुगाच्या कितीतरी आधीची आहे. केल्टिक भाषा बेटावर नेमकी केव्हा पोहोचली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

प्रश्नकर्ता :
उत्तम माहितीबद्दल आभार. पण डीएनए चाचणीने निआलचे वंशज ओळखता येतात, असेही वाचले होते.

प्रतिसाद ३ :
तो दावा 2006 मधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधनावरून पसरला. वायव्य आयर्लंडमधील पुरुषांमध्ये पित्याकडून येणारी एक जनुकीय खूण फार मोठ्या प्रमाणात आढळली आणि तिचा संबंध निआलच्या वंशाशी जोडला गेला. पुढील अभ्यासांत ती खूण निआलपेक्षा जुनी असल्याचे दिसल्याने, ती अंगी असणे म्हणजे निआलचा वंशज असणे नव्हे. शिवाय क्लेअर, कार्लो आणि वॉटरफर्ड या भागांत अल्स्टरमधील टायरोनच्या (म्हणजे वरील ओ'नील) राजकुळाशी संबंध नसलेली स्वतंत्र ओ'नील कुळेही होती, त्यामुळे केवळ आडनावावरून नाते जोडता येत नाही. आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या ओ'नीलने 1901 आणि 1911 च्या जनगणनेपासून मागे जात राहावे. 1922 मध्ये डब्लिनचे अभिलेखागार जळाल्याने त्याआधीचे बरेच दप्तर नष्ट झाले आहे, आणि बहुतेकांचा माग अठराव्या शतकाच्या आसपास थांबतो.